उंट एक घर अलीकडं

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाही. बायकोलेही नाही — आन तिच्यापासून तर माह्यी चोरून खाल्लेली जिलबीही लपत नाही.

आमच्या दिग्रसात बुद्धिबळाचा क्लब आहे. क्लब म्हणजे काय, वाचनालयाच्या वरची खोली अन् रविवारची सकाळ. तिथं मले खेळ शिकवला किसनदादानं. एसटीतून रिटायर झालेला ड्रायव्हर. पांढऱ्या सोंगट्या आल्या की वजिरापुढचं प्यादं दोन घरं, मंग त्याच्या बाजूचं दोन घरं — दुसरी सुरुवात त्यानं कधी केलीच नाही. "घाट असो का पट, घाई कायले?" म्हणे. लई जीव लावला मले त्या माणसानं.

मंग त्याच्या डोयात मोतीबिंदू झाला. तवापासून त्याच्यासंग खेळणाऱ्यानं आपली चाल तोंडानं बोलायची, असा रिवाज पडला. दादा कानावर खेळे, आन तरी आम्हाले धुवून काढे.

त्या साली यवतमाळच्या स्पर्धेले क्लबातून एकच जण जाणार होता. शेवटचा डाव आम्हा दोघांचा. बाकीचे चहात गुंतले होते. डाव माह्या हातून चालला होता — आन मले जायचं होतं. कसं सांगू? "उंट राजाच्या पुढं," असं मी बोललो, आन ठेवला एक घर अलीकडं. दादानं भरवशानं वजीर आणला, तो नेमका त्या उंटाच्या मारात. मी उचलला.

दादा पटावर वाकला. "हा इथं कवा आला गा?"

"इथंच बोललो होतो, दादा."

त्यानं मानलं. काहून नाही मानणार? मी त्यानंच शिकवलेला पोरगा. माह्या पाठीवर थाप मारली, आन साऱ्यांदेखत म्हणाला, "पोट्टं जिंकलं. माह्यं डोकं आता राह्यलं नाही."

यवतमाळले मी पहिल्याच फेरीत हरलो. दादा माह्यासंग बसनं आला होता, घरून भाकरी अन् ठेचा बांधून. परतताना मलेच समजावत होता.

पुढं त्याचं ऑपरेशन झालं. आता लांबून बसची पाटी वाचते. पण खेळत नाही. रविवारी येते, माह्या बाजूले बसते, माह्या चांगल्या चालीवर मान डोलावते. खेळा म्हटलं की हसते — "डोये आले बाप्पा, डोकं गेलं."

त्याचं डोकं कुठंच गेलं नव्हतं. तो बरोबर ऐकून बरोबर खेळला होता. हे त्याले सांगाले एक वाक्य पुरते. मागच्या रविवारीही तो माह्या बाजूले बसला होता, आन मी ते बोललो नाही.