मामा तयार बसलेत

प्रभू येशू उद्या सकाळी निलंग्यात उतरला, तर दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून त्याला सामोरा जाणारा अख्ख्या मराठवाड्यात एकच माणूस सापडेल, आणि तो म्हणजे माझे मामा. बाकीचे ख्रिस्ती लोकही प्रभूची वाट पाहतात, नाही असं नाही. पण ते पाहतात ती सवडीने, रविवारच्या उपासनेत, पुढच्या गीताचा नंबर शोधता शोधता. मामांचं वाट पाहणं पूर्णवेळ होतं. प्रभू येईल तो अचानक, आपल्या माणसांना आहेत तिथून वर उचलून नेईल आणि बाकीचे मागे राहतील, असा त्यांचा ठाम विश्वास. शाळेत शिपाई म्हणून त्यांनी तीस वर्षं घंटा वाजवली. "घंटा झाल्यावर पळणारी पोरं मी लई बघितलीत," ते म्हणत. "दप्तर एकीकडं, चप्पल दुसरीकडं. आपलं तसं व्हायला नको." म्हणून पहाटे पाचला दाढी, लगेच आंघोळ, आणि दाराजवळच्या खुंटीला कायमची एक कापडी पिशवी. तिच्यात धुतलेला सदरा, पवित्र शास्त्र म्हणजे बायबल, आणि टॉवेल. स्वर्गात टॉवेल कशाला, असं मी एकदा विचारलं. टॉवेलची घडी नीट करत ते म्हणाले, "असू दे. जड थोडाच हाय."

मामांच्या घरात लांबच्या मुदतीची कुठलीच वस्तू शिरत नसे. ज्वारी आठवड्यापुरती, साबण एक, काडेपेटी एक. आमच्याकडे उन्हाळ्यात वर्षाची ज्वारी भरतात, पापड-कुरडया होतात, लोणच्याच्या बरण्यांना फडकी बांधतात. मामांना हा सगळा अविश्वासाचा कारभार वाटे. पंखा घ्यायला गेले तेव्हा दुकानदार अप्पांनी मोठ्या कौतुकाने दोन वर्षांच्या गॅरंटीचं सांगितलं. "दोन वर्सं कोन थांबून राहिलंय हितं?" म्हणून मामा बिनगॅरंटीचा पंखा मागू लागले. अप्पा कपाळभर भस्म लावणारे, गळ्यात लिंग. पण मामांचं प्रभूपुराण त्यांना तोंडपाठ होतं. ते म्हणाले, "अवं, तुमी गेलाव तर मामीला लागंल की वारं." यावर मामा खरोखर चिडले. "ती मागं राहंल म्हनता? ती पयल्या खेपंला जाईल." स्वतःबद्दल त्यांना कधीमधी शंका येई, मामीबद्दल कधीच नाही. आणि ती मामी मात्र पलंगाखाली सतरंजीआड ज्वारीचं एक पोतं बारा महिने ठेवी. प्रभू येईल यावर तिचाही विश्वास होता. त्याआधी पाहुणे येतील याची तिला खात्री होती.

आमच्या भागात जमिनीच्या पोटातून अधूनमधून गुडगुड आवाज येतो. भूकंप पाहिलेली माणसं आहेत, ताटावरून उठून रस्त्यावर पळतात. अशा वेळी सारी गल्ली खाली बघत उभी असे. मामा सदरा बदलून, पिशवी घेऊन सगळ्यांत शेवटी बाहेर येत आणि वर बघत. लोक पाच मिनिटांनी घरात जात, मामा अर्धा तास थांबत. मग आत येऊन पिशवी खुंटीला लावत आणि म्हणत, "आज न्हाई." त्यात निराशेचा लवलेश नसे. उद्याची दाढी पुन्हा पहाटे पाचलाच.

मी लातूरला नोकरीला, आणि चर्चची पायरी चढणं कॉलेजात असतानाच सोडलेलं. मी मागे राहणार हे मामांनी गृहीतच धरलं होतं, पण त्याबद्दल ते मला कधी टाकून बोलले नाहीत. उलट माझी सोय लावून ठेवली होती. "तू राहशील तवा पलंगाखालचं पोतं तुझं," ते एकदा हळूच म्हणाले. म्हणजे पोतं त्यांनाही ठाऊक होतं.

एका उन्हाळ्यात निलंग्यातले नळ कोरडे पडले. टँकर येई, पण कधी ते कुणालाच सांगता येत नसे. त्यामुळे टँकरच्या बाबतीत सगळी गल्ली मामांसारखीच वागू लागली होती: घागरी धुऊन दारात, कान रस्त्याकडे. अशाच एका दुपारी मी लातूरच्या एसटीने उतरलो. चर्चच्या कोपऱ्यावर टँकर उभा होता आणि पाळकसाहेबांसकट अख्खी गल्ली त्याला चिकटली होती. गर्दीत मामीही दिसली. मी तसाच पुढे घराकडे वळलो. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दारं सताड उघडी, कुणाचं तरी दूध उतू जाऊन करपल्याचा वास. मामा पायरीवर बसले होते, पिशवी मांडीवर. जेवून झोपले होते. उठून पाहतात तो घर रिकामं, गॅसवर चहाचं आधण आटलेलं, मामीचा चष्मा उघड्या शास्त्रावर. घरोघरी जाऊन त्यांनी हाका मारल्या होत्या आणि मग जे समजायचं ते समजून गपचूप येऊन बसले होते.

"तू बी राहिलास?" मला पाहून त्यांनी विचारलं.

मला उलगडा झाला आणि हसू फुटणार तोच ते म्हणाले, "समोरच्या घरातला डायवरसुदिक गेला रं. रोज पिऊन यायचा."

"मामा, अहो..."

"ती जानार हे मला ठावं हुतं," ते म्हणाले. ते माझ्याकडे बघतच नव्हते. "पर जेवताना मी तिला काय बोललो म्हाईत हाय? भाजीत मीठ न्हाई म्हनलो. चाळीस वर्सं झाली लग्नाला, आन शेवटचं बोलनं ते. तिनं गुमान उठून मीठ आनून दिलं."

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. टँकर आलाय, मामी तिथेच आहे, असं मी सांगितलं. पण त्यांच्या डोक्यात ते शिरेना. तेवढ्यात मामी गल्लीत वळली, एक घागर डोक्यावर, एक कमरेवर. "अवं, बसून काय राहिलाव? घागर धरा की. अजून दोन भरायच्यात."

मामा उठले. तिच्या डोक्यावरची घागर त्यांनी दोन्ही हातांनी उतरवली, आणि रिकाम्या दोन उचलून, जन्मात पहिल्यांदा, बायकांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. "ह्यांना काय झालं?" मामीने मला विचारलं. झोपमोड झाली, असं मी सांगितलं.

त्या दिवसापासून मामांच्या तयारीत एका गोष्टीची भर पडली. मामीला काहीतरी चांगलं बोलल्याशिवाय ते ताटावरून उठत नसत, की घराबाहेर पडत नसत. बोलायचं राहिलं तर अप्पांच्या दुकानातून परत येत. नुसती चटणी-भाकरी असली तर चटणी कशी बारीक वाटलीय ते सांगत. "म्हातारपनी येड लागलंय," मामी म्हणे. पण माझ्या आईला फोन करून त्या दिवशीचं वाक्य मात्र न चुकता कळवी.

गेल्या हिवाळ्यात मामी गेली. दुपारचा चहा दिला आणि कॉटवर आडवी झाली ती झालीच. मी पोहोचलो तेव्हा मामा रडत नव्हते. "च्या झकास झाला म्हनलो हुतो," त्यांनी मला सांगितलं. "ऐकलं तिनं. हसली बी."

आता मी महिन्यातून दोनदा जातो. पूर्वी प्रभू येणार ही खबर मामा साऱ्या गावाला देत फिरायचे, आणि मी ती या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायचो. आता ते मलाच विचारतात, "तुला काय वाटतं रं? अजून किती दिवस लावंल तो?" मी देवाधर्मातला माणूस नाही, आणि खोटं बोलणं मामांना कधी आवडलेलं नाही. तरी मी त्यांचा हात हातात घेतो आणि म्हणतो, "येईल मामा, लवकर येईल." त्यांना बरं वाटतं. आणि हल्ली मलाही वाटतं, की त्याने खरंच यावं.