वाढवलेल्या बांगड्या

वाग्देवीला वंदन करून, पत्नीच्या शस्त्रक्रियेच्या सकाळी जे पाहिले ते लिहितो.

परिचारिका म्हणाली, "आजी, या काचेच्या बांगड्या निघत नाहीत. फोडू का?"

पत्नीने हात मागे घेतला. "फोडायच्या नाहीत, वाढवायच्या. तसं म्हण, मगच हात देईन."

"अहो, डॉक्टर खोळंबलेत! काच फुटणारच ना?"

"फुटू दे. पण माझा नवरा इथे बसलाय."

जन्मभर मी व्याकरण शिकवले. काच फुटतेच, पण आपल्या घरांतल्या बोलीने त्या फुटण्यापुढे कधी मान तुकवली नाही, हे तेव्हा उमगले.

परिचारिका हसली. "बरं, वाढवते हं, आजी."

हात पुढे आला.

संध्याकाळी शुद्धीवर येताच पत्नीने मनगट उचलले. "अहो, हिरव्याच आणा."

वाचकहो, श्रीकृपेने आपल्याही घरातले हात सदैव भरलेले राहोत.