बादलसाठी सोडलेली सहा तासं

"ओ मॅडम! पाहा तुमच्या तळ्यानं काय केलं माह्या बैलाचं!"

पोळ्याची सकाळ होती. गणपतकाकांचा आवाज मालेगावपासून वाशिमपर्यंत गेला असेल. त्यांचा बादल, गावातला सगळ्यात पांढरा बैल, तळ्यात अंघोळ करून पोपटी होऊन निघाला होता. इतका हिरवा, की एक शेळी त्याला चरायला धावली. शेळीचं मी वाढवून सांगते आहे. पोपटीचं नाही.

"तळं माह्यं कधीपासून झालं, काका?"

"सरकारचं हाय ना? अन तुमी सरकारच्या! आता याले तोरणाखाली कसा नेऊ? लोकं पोळ्यात याच्यावर झडत्यांची गाणी म्हणतीन, हसतीन!"

मी कृषी सहाय्यक. शहाणपण सांगणं हे माझं सरकारी काम. पण पोळ्याच्या दिवशी बैलवाल्याला शहाणपण सांगू नये, म्हणून आधी हापशीवर बादली भरू लागले. बादल पांढरा होईपर्यंत माझे हात हिरवे झाले.

मग विचारलं, "काका, जुलैत सोयाबीनवर युरिया कोणत्या दिवशी फेकला?"

"पाणी येऊन राह्यलं होतं त्याच्या आदल्या दिवशी. पाणी खत आत नेते."

"नेतं ना. तळ्याच्या आत."

त्यांचं शेत तळ्याकडे उतरतं. वर फेकलेलं खत एका जोरदार पावसात मातीसकट खाली जातं. पीक उपाशी राहतं आणि शेवाळ जेवतं. मी सोयाबीनचं एक झाड उपटलं आणि मुळावरची गाठ नखानं फोडून आतला गुलाबी रंग दाखवला. सोयाबीन हवेतला नत्र या गाठींत स्वतःच साठवतं.

"घरी फॅक्टरी हाय, मंग पोतं कायले आणता?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"शेजाऱ्याचं हिरवं दिसते न माह्यं पिवळं, म्हणून."

माझी मागणी साधी होती. वरून युरिया फेकायचा नाही. डीएपी खत पेरणीच्या वेळी बियाण्यासोबत मातीत. पेरणी उताराला आडवी. आणि तळ्याकाठची शेवटची सहा तासं, म्हणजे पिकाच्या सहा ओळी, सोडून तिथं गवत राखायचं. वाहून येणारी माती गवतात अडते.

"सहा तासं सोडू? बरं, सोडली. तळं निवळीन का? बादल हाय तोवर?"

इथं मी घसरले. माझं माहेर कामरगावकडचं. बाबांच्या बैलाची शेपटी धरून मी तळं ओलांडायला शिकले. पाण्यात मान खाली घातली की बैलाचे खूर दिसायचे, खुरांखालून पळणारे मासे दिसायचे. ते पाणी आजही झोपेत अंगाला लागतं. ट्रेनिंगमध्ये स्पष्ट सांगितलं होतं, की तळाच्या गाळात मुरलेलं खत वर्षानुवर्षं सुटत राहतं. तरी माझ्या तोंडून निघालं, "दोन पोळ्यांत तळ दिसेल, काका. खूर मोजाल बादलचे."

पुढच्या जूनमध्ये काकांनी सहा तासं सोडली. शेजारी हसला. पेरणीनंतर आठ दिवसांनी साहेबांचा फोन आला.

"मॅडम, गवताच्या पट्ट्याचा फोटो टाका ग्रुपवर."

"सर, गवत अजून उगवलं नाही."

"मग हिरवं काहीतरी टाका!"

"तळ्याचा टाकू?"

फोन कट झाला.

त्या पोळ्याला पाणी हिरवंच. बादल हापशीवर धुतला. "अजून एक पोळा हाय तुमचा," काका म्हणाले. गवत गुडघ्याएवढं आलं होतं. पावसाचं पाणी त्यात गढूळ शिरायचं आणि बरंचसं निवळून निघायचं. पण तळ्याला त्याचा पत्ता नव्हता.

उन्हाळ्यात बादल गेला. म्हातारा होता. मला कळलं तेव्हा मी पंधरा दिवस त्या गावचा दौरा चुकवला. डायरीत मीटिंगा लिहिल्या, ज्या झाल्याच नाहीत. शेवटी पेरणीआधी जावंच लागलं. खत एका पावसात तळ्यात जातं, तिथून बाहेर निघायला बैलाचं आयुष्य पुरत नाही. हे मी आधीच सांगायला हवं होतं, पोळ्याच्या सकाळीच.

काका बांधावर बसले होते. बाजूला बादलच्या जोडीचा बैल, एकटाच.

"काका, मी खोटं बोलले होते. दोन वर्षांत नाही व्हायचं ते. आता बादलही नाही. पट्टा मोडायचा तर मोडा, मी काही म्हणणार नाही."

त्यांनी तळ्याकडे पाहिलं.

"मोडू कायले? तळं तं हाय ना अजून."