छातीला हात

जाळीमागे उभं राहणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप जमतात. त्याला हवे असोत, नसोत. टार्निटच्या मैदानावर दर शनिवारी मी स्पीडगन धरून उभा असतो. बेसबॉलमध्ये बॉल टाकतो तो पिचर. त्याचा वेग मोजायचा आणि खांदा-कोपर किती टिकेल ते केव्हिनला सांगायचं, एवढंच माझं काम. केव्हिन म्हणजे अमेरिकेतल्या एका टीमसाठी इथली पोरं हेरणारा म्हातारा. मी मूळचा पुण्याचा, आता इथे परदेशात फिजिओ. आठवडाभर लोकांची दुखणी बघायची आणि शनिवारी लोकांच्या पोरांची भविष्यं. खरं सांगू? कंटाळा आलाय. जोरात टाकणारं पोर दर सीझनला एखादं येतंच, आणि बहुतेक वेळा कोपर धरून माझ्याच क्लिनिकला परत येतं.

*

अर्णव आला तो रागाने. म्हणजे राग त्याच्या बापाला, शिरीषला आला होता. शिरीष इथेच शेजारच्या ट्रुगानिनाला राहतो, माझा कॉलेजपासूनचा मित्र. क्रिकेटच्या मॅचमध्ये अंपायरने अर्णवला ओळीने नोबॉल दिले. का, तर हात वाकतो, पोरगा बॉलिंग करत नाही, चक्क फेकतो!

शिरीष तडक मैदानावर आला आणि मला म्हणाला, "मक्या, फेकतो म्हणतात ना? मग जिथे फेकायचंच असतं तो खेळ दाखव त्याला."

*

पहिल्या दिवशी अर्णवने सहा बॉल टाकले. काय टाकले! कॅचरने ग्लोव्ह काढून हात झटकला. केव्हिन खुर्चीतून उठला.

आणि हे पोरगं शांतपणे चालत जाऊन थेट बाउंड्रीपाशी उभं राहिलं. सगळे बघत राहिले. केव्हिनला वाटलं, दुखावलं काहीतरी, म्हणून त्याने मला पळवलं. धापा टाकत मी त्याच्यापाशी पोचलो, खांदा चाचपला, तर तो माझ्याकडेच चमत्कारिक नजरेने बघायला लागला.

"ओव्हर झाली ना, काका."

*

वेगाचा किस्सा शिरीषचा. गनवर नव्वद आलं. केव्हिनने खूश होऊन माझी पाठ थोपटली. माझ्या खांद्यावरून आकडा बघून शिरीषचा मात्र चेहरा उतरला.

"नव्वद? अरे, एवढ्याने स्पिनर टाकतात!" असं म्हणून तो गाडीकडे निघाला. अर्णवला म्हणाला, चल, युनिव्हर्सिटीच्या अभ्यासाला लाग. बेसबॉलमध्ये मैल मोजतात, किलोमीटर नाही, हे त्याला पार्किंगमध्ये गाठून सांगावं लागलं. मग तो फोनवर हिशेब करत बसला आणि तेव्हापासून एकही शनिवार चुकवत नाही. माझ्या डोक्याला तेवढाच ताप.

*

मग ते झालं. अर्णवचा एक फास्ट बॉल निसटला आणि समोरच्या बॅटरच्या बरगडीत बसला. पोरगा खालीच बसला. अर्णव धावत गेला, त्याच्या खांद्याला हात लावला आणि तोच हात आपल्या छातीला लावला. आपला चुकून कुणाला पाय लागला की करतो, अगदी तसं.

बॅटर बरा झाला. अर्णव नाही झाला. त्यानंतर प्रत्येक फास्ट बॉलच्या आधी तो हळूच छातीला हात लावायला लागला. आधीच माफी मागून ठेवायची! हळू बॉलला कोण मरतंय, म्हणून तेव्हा काही नाही. समोरच्या टीमच्या हे लक्षात यायला कितीसा वेळ लागणार? छातीला हात गेला की फास्ट येणार, हे कळल्यावर कुणीही उठावं आणि त्याला धुवावं.

केव्हिनला मी पाय लागण्याची सगळी रीत समजावून सांगितली. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, छान आहे, पण अमेरिकेत पहिल्याच मॅचमध्ये पोराची चटणी करतील. पुढचा शनिवार शेवटचा. सवय गेली तर नेतो, नाहीतर विषय संपला.

अर्णवला मीच सांगितलं. त्याला जायचं होतं, जीव टाकून जायचं होतं. पण मान खाली घालून म्हणाला, "काका, नाही केलं तर हात सुटतच नाही. आय ट्राइड."

त्या आठवड्यात मला झोप नीट लागली नाही, आणि एवढं मनाला लावून घेण्याचं आपलं वय राहिलं नाही, याचाही राग आला.

*

शनिवारी शिरीष गाडीतच बसून राहिला. म्हणाला, बघवणार नाही.

अर्णवने पहिल्या बॉलआधी छातीला हात लावला. मी डोळे मिटले. बॅटरने जीव खाऊन बॅट फिरवली आणि स्वतःभोवती फिरून खाली बसला, कारण बॉल हळू होता आणि अजून वाटेतच होता.

मग फास्टला हात, हळूला हात, वळणाऱ्याला हात. सगळ्यांची माफी! एकाही बॅटरला काही कळेना. मधेच केव्हिनने मला विचारलं, की आता हा कशाकशाची माफी मागतोय? मी म्हटलं, मला नाही माहीत, मेट, मी दमलोय.

मॅच संपली. अर्णव जाळीपाशी आला, बॅग खाली ठेवून उभा राहिला. केव्हिनने त्याच्याकडे बघितलं.

"मंडे आर्व्हो, दुपारी तीनला. पासपोर्ट आण. बापालाही आण."

एवढं बोलून तो वळला, आणि वळताना त्याचा बूट अर्णवच्या बॅगला लागला. केव्हिन थांबला. गुडघ्यावर हात टेकत सावकाश वाकला, बॅगला बोटं लावली, तोच हात आपल्या छातीला लावला आणि गाडीकडे निघून गेला.