मावशी विसरल्या ती बरणी

नोकरी सोडल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी पाव करायला शिकत होते. त्याआधी एकवीस वर्षं न्हावा शेव्यातून माल पाठवणाऱ्या एका ऑफिसात होते. तिथे सगळं घड्याळावर चालायचं. बंदराचं गेट बंद व्हायच्या आत कंटेनर आत गेला नाही, तर जहाज चुकलंच. त्यामुळे यीस्ट न घालता, नुसतं कणीक-पाणी आंबवून सात दिवसांत विरजण तयार होतं असं एका व्हिडिओत ऐकलं, तेव्हा मी सात दिवस मोजून बसले.

आठव्या दिवशी बरणीत करड्या रंगाची खळ होती. वास ओल्या पायपुसण्याचा. फेकून पुन्हा सुरुवात केली. असं तीनदा झालं. रोज अर्धं काढून टाकायचं, ताजी कणीक घालायची, वहीत वेळ लिहायची आणि दर तासाला झाकण उघडून बघायचं. नवरा म्हणाला, "अगं, आयसीयूत तरी इतक्यांदा कुणाला आत सोडतात का?" मला हसू आलं नाही. ट्रकवाल्यांपासून साहेबांपर्यंत सगळ्यांना मी हलवलं होतं आणि मूठभर पीठ हलत नव्हतं.

मे महिन्यात सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आम्हाला आठवडाभर साताऱ्याला जावं लागलं. चौथी बरणी समोरच्या फ्लॅटमधल्या मावशींकडे दिली. मावशी मूळच्या गव्हाणच्या; जमीन सरकारी प्रकल्पात गेल्यावर मुलासोबत इथे पनवेलला आलेल्या. कधी आणि किती चमचे घालायचे ते मी कागदावर लिहून दिलं. "जा बाय, मी हाय," त्या म्हणाल्या.

परत आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. बरणीतलं पीठ दुप्पट फुगून झाकणाला टेकलेलं, आतून जाळीदार. वास ताज्या ताकाचा. मी दारातच विचारलं, "काय केलंत तुम्ही?"

"काय नाय केला. इसरलेच मी. आज सकाळी आठवला, तवा मूठभर कणीक टाकली." मग म्हणाल्या, "बहिणीला दवाखान्यान ठेवली व्हती, डोलं उघडीत नव्हती. सगला दिवस तिच्या उशालाच बसलेली."

बहिणीबद्दल मी त्यानंतर विचारलं. आधी बरणीबद्दल विचारलं, याची लाज वाटली. बहीण आता घरी आली होती, पण अजून नीट जेवत नव्हती.

त्या विरजणाचा पाव पहिल्यांदाच छान फुगला. अर्धा मावशींना नेऊन दिला. त्यांनी तुकडा कोळंबीच्या कालवणात बुडवून खाल्ला. "आंबट हाय. पन चालंल."

आता मला युक्ती सापडली असं वाटलं. पुढच्या वेळी मी मुद्दाम सहा दिवस बरणीकडे पाहिलंच नाही. वर हिरवी बुरशी आली. वैतागून मावशींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "तू कुठं इसरलेलीस? तू रागानं बसलेलीस."

हे खरं होतं, पण पिठाला ते कसं कळलं? की उन्हामुळे झालं? धीर धरला म्हणजे नक्की काय केलं, तेच मला कळेना. मी वाट पाहिली तेव्हा बिघडलं, पाहिली नाही तेव्हाही बिघडलं. आणि मावशी तर पिठाची वाट पाहतच नव्हत्या. पाहत होत्या ती बहिणीने डोळे उघडण्याची.

पाचवी बरणी सुरू केली. वहीत लिहिणं सोडलं. झाकण मात्र अजून उघडतेच. कधी फुगतं, कधी नाही. दोन्ही वेळी मी सारखीच बुचकळ्यात.

परवा मावशींनी दार वाजवलं. बहिणीला भाकरी चावत नव्हती. "तुजा तो आंबट पाव मऊ करशील का? तिला दुधात देईन. कधी होल?"

ओठांवर आलेली वेळ मी गिळली. "माहीत नाही, मावशी. उद्या... नाहीतर परवा."

"होऊं दे," म्हणाल्या आणि आत येऊन बसल्या.