अकरा माणसांची कमान

उंबरा ओलांडला तेव्हा दिवस नुकताच वर आला होता. मंगळवेढ्याच्या दक्षिणेला असलेल्या आमच्या वाडीतून बाहेर पडणारी वाट एकच, आणि ती ओढ्यातून जाते. ओढ्यात एक कातळ आडवा पसरलेला आहे, त्यालाच वाडीत उंबरा म्हणतात. तो फोडावा असं दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी सुचवतं. पण त्या कातळामुळेच वरच्या अंगाला डोह साठतो आणि उन्हाळाभर वाडी त्याच पाण्यावर राहते, म्हणून सुचवणाराच पुढे गप्प बसतो.

माझा धाकटा भाऊ दिगंबर गाडी चालवत होता. लष्कराच्या लिलावातून घेतलेली ही जुनी पिकअप वाडीतली एकमेव मोटार. त्या सकाळी ती रिकामी होती, तरी कातळावरून जाताना पोटाखाली खरखर झालीच. दिगूनं माझ्याकडे पाहिलं नाही.

गेल्या वर्षी याच जागी गाडीचं पोट कातळावर टेकलं आणि मागची चाकं अधांतरी फिरत राहिली. आत माझी पत्नी सुमती होती. तिचं पोट सकाळपासून दुखत होतं. गाडी उचलून काढायला दोन तास लागले. सोलापूरला पोचलो तेव्हा डॉक्टरांनी तिला तपासलं आणि आम्ही निघालो कधी, एवढंच विचारलं.

आता दिगूची बायको शालन हिला नववा महिना लागला होता. मूल आडवं आहे, घरी सुटका व्हायची नाही, असं मंगळवेढ्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. आठ दिवस आधी आणून ठेवा म्हणाल्या होत्या. त्याला अजून अवकाश होता, पण बाळंतपण काही पंचांग बघून येत नाही. म्हणून आधी गाडी उंच करून आणायची, असं आम्ही ठरवलं. मांडीवर मी ज्वारीचं एक वाळलेलं ताट, म्हणजे अख्खा धांडा, घेतलं होतं. कातळाच्या दोन्ही बाजूंच्या चाकोरीत उभं धरून, कातळाचा माथा जिथवर येतो तिथे त्याला दोरा बांधला होता; गाडीचं पोट त्या दोऱ्याच्या वर राहायला हवं होतं.

मंगळवेढ्यात चहा घेतला. पुढे दोन्हीकडे काढणी झालेली काळी रानं, मधूनमधून कडब्याच्या गंजी. भीमा ओलांडली तेव्हा ऊन चटके देऊ लागलं होतं. सोलापूर आलं ते आधी गिरण्यांच्या धुरांड्यांनी दिसलं आणि मग भोंग्यानं ऐकू आलं. वर्षभर मी या शहराकडे फिरकलो नव्हतो. दवाखान्याचा रस्ता टाळून दिगूनं लांबचा वळसा घेतला. मला ते कळलं, आणि मला कळलं हे त्यालाही कळलं.

कमानवाल्या उस्तादांचं दुकान विणकरांच्या गल्लीच्या तोंडाशी होतं. (कमान म्हणजे चाकावर गाडी पेलणारी पोलादी पाट्यांची चळत.) एका बाजूला भाता आणि ऐरण, दुसऱ्या बाजूला हातमागांची खटखट. उस्ताद साठीच्या घरातले, दाढी मेंदीनं लाल. त्यांनी गाडीखाली सरपटत जाऊन पाहिलं, बाहेर येऊन हात पुसले आणि मला पहिलाच प्रश्न विचारला.

"मास्तर, गाडीत माणसं किती बसत्यात?"

दिगू म्हणाला, "दोन. मी आन् पेशंट, माझी बायको. नववा लागलाय तिला."

उस्ताद हसले. "खेड्यातनं पेशंट दोघांत येतो व्हय? मी काय आज आलो का सोलापुरात?"

मग त्यांनी समजावून सांगितलं ते असं. पाटे वाढवले की गाडी उचलते, पण ताठ होते. पुष्कळ माणसं धरून कमान बसवली, तर रिकामी गाडी उडते, आणि अवघडलेल्या बाईला त्या उडण्याचाच धोका. थोडी धरून बसवली, तर गाडी मऊ चालेल, पण माणसं चढली की पुन्हा पोट टेकेल. दोन्ही गोष्टी एका गाडीला मिळत नाहीत.

"उंबऱ्यापाशी उतरवू की सगळ्यांना," दिगू म्हणाला.

"पेशंटचं डोकं मांडीवर घेतलेला माणूस उतरतो व्हय?"

उस्तादांनी हे सहज म्हटलं. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. सुमतीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. एकेक जण गाडीत चढत होता तेव्हा मी कुणालाही थांबवलं नव्हतं. आमच्याकडे आजारी माणसाला एकट्यानं पाठवत नाहीत. जो सोबत जात नाही त्याचं नाव निघतं, आणि जो सोबत येऊ देत नाही त्याचं जास्त.

"अकरा," मी म्हणालो. "गेल्या वर्षी पेशंटबरोबर अकरा जण होते."

दिगूनं मान खाली घातली. त्या दिवसानंतर हा आकडा आमच्या घरात कुणी उच्चारला नव्हता.

दिवसभर काम चाललं. जुनी कमान सोडवली, तिचे पाटे जमिनीवर क्रमानं मांडले. खचलेले पाटे उस्तादांनी भट्टीत लाल करून ठोकून पुन्हा वाकवले, त्यांना टणक करायला तेलात बुडवून पाणी दिलं आणि प्रत्येक कमानीत एक नवा पाटा घातला. दुपारी आम्ही समोरच्या खानावळीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. दिगू अर्धी भाकरी टाकून पुन्हा गाडीपाशी गेला. घरची खबर कळायला मार्ग नव्हता.

संध्याकाळच्या आत गाडी चाकांवर उभी राहिली आणि चांगलीच उंच दिसली. मला वाटलं, झालं. उस्ताद म्हणाले, आता माणसं आणा. पोती भरून बघू, असं मी सुचवलं.

"पोतं जागा सोडत न्हाय, मास्तर. माणसं पेशंटकडं झुकत्यात."

त्यांनी गल्लीत हाक मारली. मागांवरून विणकर उठून आले. बहुतेक तेलुगू बोलणारे, अंगाला कापसाचे तंतू चिकटलेले. कोण कुठे बसलं होतं ते उस्तादांनी मला विचारलं आणि मी एकेकाचा बांधा सांगत गेलो. धिप्पाड पैलवान, त्याच्या शेजारी सडपातळ पोस्टमन, पाय आखडलेला म्हातारा. वर्षभर जे आठवू नये म्हणून झटलो ते मी भर रस्त्यात नीट सांगत होतो. पैलवानाच्या जागी एका जाड्या विणकराला बसवलं तेव्हा बाकीचे हसले. याच्या एकट्यासाठी वेगळी कमान करा, असं कुणीसं म्हणालं.

शेवटची जागा माझ्या चुलतीची, आक्कांची. तिथे शेजारच्या घरातल्या एका वृद्ध अम्मा बसल्या. त्यांनी तेलुगूत काही विचारलं. उस्तादांनी मला सांगितलं, "मी कुणाच्या जागी बसलेय, म्हणून विचारत्यात."

मी म्हणालो, "सुमतीचे पाय मांडीवर घेतले होते, त्या आक्का."

उस्तादांनी त्यांना सांगितलं. अम्मांचं हसू थांबलं. त्यांनी मांडी सारखी केली आणि दोन्ही हात तिच्यावर असे ठेवले, जसं काही धरलं आहे.

मी वाकून ताट गाडीखाली उभं केलं. गाडीचं पोट दोऱ्याच्या खालीच होतं; ताट त्याला लागून वाकलं.

"पुन्हा खोलायची," एवढंच उस्ताद म्हणाले. दिगू भिंतीला टेकून बसला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच काम सुरू झालं. आणखी एक पाटा घातला, कमान टांगणाऱ्या कड्या लांब केल्या. गाडी उचलल्यामुळे ब्रेकची रबरी नळी ताणली गेली होती, तीही बदलली. मागच्या चाकांना फिरवणारा दांडा आता तिरपा होऊन घरघरत होता, म्हणून कमानीखाली लोखंडी पाचरी ठोकून तो सरळ केला. मग पुन्हा तीच अकरा माणसं आली. अम्मा न बोलावता आपल्या जागी जाऊन बसल्या. मी ताट लावलं. दोऱ्याच्या वर दोन बोटं मोकळी राहिली.

निघताना उस्तादांनी पाना हातात दिला. नवे पाटे एकमेकांवर बसले की बोल्ट सैल पडतात, वाटेत एकदा आवळा, न विसरता. आणि रिकामी गाडी पळवू नका.

खरोखरच गाडी उडत होती. दात एकमेकांवर आपटत होते. भीमेच्या अलीकडे मागून ठणठण ऐकू येऊ लागली. बोल्ट सैल झाले होते. दिगू तापल्या मातीत पाठ टेकून ते आवळत असताना मेंढरं घेऊन एक धनगर आला आणि गाडीकडे बघत उभा राहिला.

"काय पाव्हणं, गाडी लई उंच झालीय की. शिडी घिऊन चढताय का?"

दोन दिवसांत पहिल्यांदा दिगू हसला.

दुपार कलताना उंबरा आला. गाडी कातळावरून गेली तेव्हा खाली काहीच वाजलं नाही. पण पलीकडच्या काठावर माणसं उभी होती, आणि ती गाडी पाहायला आलेली नव्हती. शालनला सकाळपासून कळा सुरू झाल्या होत्या.

तिला मागे घोंगड्यांवर निजवलं. अंगणात सगळे जमले होते, कुणाच्या हातात चादर, कुणाच्या हातात पाण्याचा तांब्या. पण गाडीत कुणी चढेना. गेल्या वर्षी जागेसाठी रेटारेटी झाली होती. आता पैलवानसुद्धा दोन पावलं मागे उभा होता. आक्का पायरीवर बसून होत्या.

"मी न्हाय यायची," त्या म्हणाल्या. "माझ्याच वजनानं टेकली व्हती गाडी तवा."

वर्षभर हे त्या एकट्या घेऊन बसल्या होत्या. मला वाटत होतं, ते ओझं फक्त माझ्यापाशी आहे.

"आक्का, बसा," मी म्हणालो. "तुमच्या वजनाचा पाटा घातलाय. तुम्ही सगळे बसला नाहीत तर गाडी उडेल. शालनला सोसायचं नाही."

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठल्या, पैलवानाच्या खांद्याला धरून चढल्या आणि शालनचे पाय मांडीवर घेतले. त्यांच्यामागून बाकीचे चढले. एकेका माणसागणिक कमान थोडी थोडी खाली बसत गेली. मी मोजत होतो. अकरा झाल्यावर थांबलो, आणि कुणीही बाराव्यानं पाय उचलला नाही.

मी पायी पुढे जाऊन कातळाशी गुडघ्यावर बसलो. पुढची चाकं चढली, उतरली. गाडीचं पोट कातळावर आलं, पुढे सरकू लागलं. दोहोंच्या मध्ये एक बारीक फट होती, आणि तिच्यातून मला पलीकडच्या डोहाचं पाणी दिसत होतं. ती फट शेवटपर्यंत मिटली नाही. मागची चाकं कातळावरून उतरली तेव्हा आतून फक्त शालनचं कण्हणं ऐकू आलं.

दिवेलागणीच्या आधी मंगळवेढ्याच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली. मुलगी. दोघी सुखरूप. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, निघालात कधी? या वेळी मला उत्तर देता आलं.

दुसऱ्या दिवशी कपडे आणायला मी आणि दिगू दोघंच वाडीला परतलो. आक्का आणि बाकीचे दवाखान्याच्या आवारात चूल मांडून बसले होते आणि तिथून हलायला तयार नव्हते. वाटेत गाडी इतकी उडत होती की बोलणं अशक्य. उंबऱ्यापाशी मी मागे वळून पाहिलं. रिकामी घोंगडी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात घसरत होती. गेलं वर्षभर मला वाटायचं, माणसं नसती तर सुमती वेळेत पोचली असती, वाचली असती. कदाचित पोचली असती. पण ती माणसं मागे असताना गाडी कशी चालते, ते मी काल पाहिलं होतं. रिकामी कशी चालते, ते आज माझी हाडं सांगत होती.

"हळू घे," मी दिगूला म्हणालो. "आज मागं कुणी नाही."