पे-को-रा-या

माझी लेक इटलीत नांदते. सात वर्षांच्या नातीला मराठी येत नाय, मला तिची बोली येत नाय. रविवारी फोनवर आम्ही एकमेकींकडं बघून नुसत्या हसतो. शाळेनं तिला, आजी काय काम करायची त्याचं चित्र काढायला सांगितलं. म्हटलं, हे लेकीच्या तोंडून नको, मीच सांगते. एक शब्द तर म्हणायचाय!

लेक म्हणाली, "माय, म्हण, पे-को-रा-या."

तिकडं मेंढीला पेकोरा म्हणतात. शेवटचा 'आ' काढून 'आया' जोडला की मेंढ्या राखणारी बाई, 'आयो' जोडला की गडी. पाववाला, कुंभार, त्यांनाही असंच शेपूट. आपला 'वाला' जसा. इथवर कळलं. पण मेंढी म्हणताना जोर 'पे'वर, अन् मेंढीवाली म्हणताना तो 'रा'वर सरकतो. माझा 'पे' काय सुटेना.

"माय, तू अजून मेंढीवरच हायेस!"

"मग? जन्म त्यांच्यातच गेला की गं!"

हर्सूलच्या या घरात दिवसभर बोलायला कुणी नाय. भाकरी थापताना म्हणायची, चार थापा, तिसरी जोरात. पण एकटीच्या दोन भाकरी, त्यात सराव कितीसा होणार? मग गच्चीवर गेले. सिल्लोडकडच्या माळावर हाळी देताना आम्ही मधलं अक्षर लांबवायचो, तसं ओरडले. 'रा' बरोब्बर पडला. शेजारीण वाळवण सोडून बघायला लागली.

"काकू, कुणाला हाका मारताय?"

"कुणाला नाय गं."

रविवारी म्हटलं. नातीनं टाळ्या वाजवल्या, अन् मग लई वेळ काहीबाही विचारत राहिली. माझ्याजवळ तेवढा एकच शब्द. तोच परत म्हटला.

काल फोनवर चित्र आलं. हिरवा माळ, ढीगभर मेंढ्या, मधी लाल लुगड्यात मी. एकटीच. व्हय, पोरीनं फोनात मला कायम एकटीच बघितलेली. पण तेव्हा मी कुठं एकटी होते? सासू, जावा, दीर, लेकरं, कुत्री. पालात पाय पसरायला जागा नसायची. घटकाभर एकटं बसायला मिळावं म्हणून मी मुद्दाम लांबच्या विहिरीवर पाण्याला जायची.

लेकीला विचारलं, "आम्ही सगळे होतो, हे तिकडं कसं म्हणतात गं?"

"माय, कामावरून आल्यावर सांगते."

भाकरीचं पीठ काढून ठेवलंय. फोन परातीशेजारीच हाय.